चारचौघांत घेतलेलं नाव

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले त्याले सहा वर्षं झाली, अन् सहाही वर्षं माणूस बाहेर पडवीत झोपून राहिला. काहून, ते सांगत नव्हते. इथे गुढियारीत घरामागच्या रुळांवर मालगाडीचे डबे आदळले का यांच्या हातातला कप खाली. विचारलं तर, "काही नाही, रमा." बाप्पा, या 'काही नाही'नं माझा जीव खाल्ला!

शेवटी आमच्या पोट्टीनं तेलीबांध्याचं जुन्या फौजींचं रविवारचं शिबिर शोधून काढलं. चार फौजी, त्यांच्या चार बायका अन् मधे बोलतं करायले अपर्णा दीदी. तीन रविवार यांनी नुसता चहा पिला. घरी येता येता म्हणाले, "चौथा शेवटचा."

मी म्हटलं, बरं! नकोशीच झाली असेन, तर मीही चालली गोंदियाले पोट्टीकडे. यांले दिसेल अशी बॅग भरून ठेवली.

चौथ्या रविवारी दीदी म्हणाली, "आज सब अपने साथी का नाम लेकर दिल की एक बात बोलेंगे." पहिला नंबर माझा.

अगं बाई! लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, पण 'अहो'च्या पुढे मी कधी गेली नाही. राशनच्या दुकानातही कार्डावर बोट ठेवून काम भागवलं. "दीदी, हमारे में ऐसे नहीं लेते. उखाणा बोलके लेते हैं."

"तो वैसे ही लीजिए."

मी उभी राहिली, पदर सावरला.

"तेलीबांध्याच्या तळ्याकाठी सकाळची हवा छान,
शालिग्रामरावांनी आज तरी उघडावी जबान!"

हॉलभर हशा. चौघांतले साहूभैया मांडीवर थाप मारून ओरडले, "हव भैया, अब तुंहर पारी!" म्हणजे आता यांची पाळी. अन् आमचे हे चक्क लाजले. उभे राहिले. "भाजीत भाजी मेथीची..." एवढं म्हणून अडकले. पुढची ओळ आली नाही.

"रमा," ते म्हणाले, "एकदा झोपेत मी तुझा गळा धरला होता. तू ठसका लागला समजून पाणी प्याली अन् झोपली. मी जागा होतो. तवापासून मले माझ्याच हाताचं भ्या वाटते."

मले रडू फुटलं, अन् रडता रडताच मी भांडली. "सहा वर्षं मी समजून राहिली का मी मेली तुम्हाले नकोशी झाली!"

"नकोशी?" हे माझ्यावरच तडकले. "नकोशी असती तर बिनधास्त आत झोपलो असतो ना!"

साहूभैयाची बायको रडता रडता हसली. मग मीही.

दीदीनं बजावलं, एकदम जवळ झोपायची घाई करू नका. म्हणून त्याच दुपारी मी माझी खाट पडवीत आणली, यांच्यापासून चार हात लांब. हे कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. मग माझ्या खाटेचं एक टोक धरलं.

"दुसरं धर," म्हणाले. "दोन हात पुरेत."