न लावलेला कापूस

आधीच सांगते, मी भुतं-बितं मानत नाही. आमचं हैदराबादच्या विद्यानगरातलं बौद्ध घर, देव्हारासुद्धा नाही. “कुष्ठरोग हा शाप नाही, आजार आहे, औषध फुकट आहे” हे पत्रक मीच लिहिलंय, आणि त्यातलं अक्षरही बदलणार नाही. तरी...

वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनाचे दिवस होते. अशाच एका बंदच्या सकाळी, शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत दवाखान्यातर्फे मी सखूमावशींचा हात तपासत होते. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या परभणीकडच्या. आजार कधीच बरा झालेला, पण उपचारच उशिरा मिळाले, त्यामुळे बोटं वाकडी आणि बधिर राहिली. उशीर का? सासरच्यांनी दवाखान्याऐवजी या वस्तीच्या दारात आणून टाकलं म्हणून! लिहितानाही संताप येतो.

“हैदराबाद आमचं, आमचं म्हनून भांडायलेत सगळे,” मावशी म्हणाल्या. “मला कोनी मागंना!”

“मावशी, हलू नका.”

“हौ गं, कलेक्टरीनबाई.”

तपासणीची रीत साधी — डोळ्यांवर रुमाल बांधायचा, कापसाचं टोक लावायचं, लागलं का विचारायचं. मध्येच न लावताही विचारायचं, म्हणजे अंदाजाने दिलेलं उत्तर कळतं.

करंगळीला कापूस लावला. काही नाही. पुन्हा लावला. नाही. मग हात मागे घेऊन नुसतंच विचारलं, “लागलं?”

“हौ... ओढायली.”

“कोण?”

आत वळलेली ती करंगळी माझ्यासमोर सरळ झाली, खाली ताणली गेली. थांबली... पुन्हा ताणली गेली. कापूस माझ्या मांडीवर होता! मावशी वाकल्या, कुणाला उचलावं तसे दोन्ही हात खाली नेले. रिकामेच वर आले.

“माझी शोभा,” त्या म्हणाल्या. “मला हितं सोडलं तवा नुकती चालाय लागली होती. दमली की करंगळी दोनदा ओढायची. उचल म्हनून.”

मी रुमाल सोडायला गेले.

“नक्को! राहू दे जरा.”

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडला असेल. मेलेल्या नसेचा? मी विचारलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. परभणीकडे चौकशी केली, शोभाचा पत्ता लागला नाही.

आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी मी गेले की मावशी रुमाल बांधायला लावतात. मी बांधते, हात लांब ठेवते, विचारते, “लागलं?”

त्या हात जरासा खाली धरतात. मग म्हणतात, “आज दमली नसंल गं.”