कानात सांगितलेलं नाव

त्या संध्याकाळी उल्हासनगरच्या आमच्या ओट्यावर बायकोने शेजारच्या सिंधी कापडवाल्याच्या अल्सेशियन पिल्लाचं बारसं केलं. माणूस बडबड्या, सगळं दोनदा बोलून डोकं उठवायचा. "टायगरच ठेवा, ताई. शेर जैसा कुत्ता है, शेर जैसा."

"तू ताई म्हणतोस, मग आत्या मी. नाव मीच ठेवणार," म्हणत तिने पिल्लाच्या कानात कुर्र केलं. आम्ही विचारलं तर हसली. "उद्या सांगते."

रात्री ती झोपेतच गेली. स्मशानापर्यंत खांदा द्यायला तो कापडवालाही होता.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो पिल्लासमोर उकिडवा बसला. येतील तेवढ्या मराठी नावांनी त्याला हाका मारत होता आणि कुठल्या हाकेला कान टवकारतं ते बघत होता.