निगुडकर बंधूंच्या हवेच्या होड्या

कारखाना बंद पडला की यंत्रं भंगारवाला नेतो, पत्रे शेजारचे नेतात, आणि किस्से मात्र कोणीच नेत नाही. ते आपल्याच गळ्यात पडतात! आम्ही जुने लोक अजूनही चिंचवडात चहाला भेटतो. एक जण म्हणतो, "आपले नाना..." आणि पुढचे दोन चहा त्यातच संपतात. बायकोचं म्हणणं, "तुम्ही तिथे काम कधी करत होतात?" प्रश्न बरोबर आहे. मी चपला घालून चहाला निघतो.

मी निगुडकर बंधूंकडे टायपिस्ट म्हणून लागलो. टाइपरायटर अजून यायचा होता, म्हणून थोरल्या बंधूंनी, म्हणजे नानांनी, माझ्या हातात कात्री दिली. म्हणाले, "तोवर रबर काप." टाइपरायटर आला तेव्हा मी चांगला कापणारा झालो होतो, आणि टाइपरायटरवर त्यांच्या धाकट्या भावाने कब्जा केला होता.

*

मुळात नानांचं खडकीला सायकलचं दुकान होतं. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव निघाला. नाना तिथे ताडपत्री घ्यायला गेले आणि रबर चढवलेल्या जाड कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आले. बोली कशावर चाललीय हे त्यांना नीट ऐकूच आलं नव्हतं. पण "आवाज चढत होता, म्हणून मीही चढवला!"

घरी काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "याचं काय करायचं?"

"रेनकोट!" नाना म्हणाले.

पहिला रेनकोट बापूसाहेबांनी घातला. बापूसाहेब म्हणजे नानांचे धाकटे बंधू. सूट, टाय, इंग्रजी, सगळं तयार. फक्त नोकरी नव्हती. कापड इतकं ताठ की त्यांना हात खाली करता येईना. शेवटी दोघांनी ओढून कोट काढला, तर कोट तसाच दारात उभा! तेवढ्यात पोस्टमन आला, त्याने कोटाला नमस्कार केला आणि टपाल त्याच्या पुढ्यात धरलं.

काकू म्हणाल्या, "हा घालायचा नाही. ह्याच्यात बसायचं."

नाना दोन दिवस गठ्ठ्यांभोवती फिरले. मग म्हणाले, "आपण होड्या करू. हवा भरायच्या." आणि ही कल्पना आपल्याला अंघोळ करताना सुचली, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

*

पिंपरीला रस्त्याच्या आत एक शेड घेतली. कापडाचे तुकडे कापायचे, रबराच्या सोल्यूशनने चिकटवायचे, शिवणीवर पट्टी मारायची आणि हवा भरून पाहायचं. चिकटवायच्या खात्याचे प्रमुख इस्माईलभाई. पूर्वी नानांच्या दुकानात पंक्चर काढायचे. नानांनी त्यांना विचारलं, "होडी जमेल?" ते म्हणाले, "नाना, ट्यूबच आहे. जरा जास्त जेवलेली!"

पहिली होडी तयार झाल्यावर पवनेच्या काठावर अख्खं गाव जमलं. नारळ फुटला. नाना धोतराचा काचा मारून आत बसले, आम्ही ढकललं आणि होडी तरंगली! टाळ्या झाल्या. नानांनी हात जोडले. होडी निघाली... आणि निघालीच. पाणी जाईल तिकडे!

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की वल्ही करायची राहिली आहेत.

काठावर एक म्हातारे शेतकरी घोंगडी टाकून बसले होते. ते म्हणाले, "झ्याक हाय. पर नाना, तुमी चालला कुठं?"

नाना लांबून ओरडले, "अजून ठरलं नाही!"

पुढच्या वळणावर बाभळीत होडी अडकली म्हणून बरं. काकूंनी घरून धान्य पाखडायची दोन सुपं पाठवली, आणि कंपनीचे संस्थापक सुपांनी पाणी पाखडत परत आले.

*

विक्रीचं काम बापूसाहेबांचं. त्यांच्यासारखा विकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एकदा लष्कराचा एक मोठा साहेब नमुना पाहायला आला. तळ्यावर होडी सोडली, बापूसाहेब सुटाबुटात आत बसले आणि इंग्रजीत गुणगान सुरू केलं. होडीत हवेचे वेगवेगळे कप्पे आहेत, एक फुटला तरी बाकीचे तारून नेतात, वगैरे.

साहेबाने शांतपणे खिशातला चाकू काढला, काठावरून वाकला आणि एका कप्प्यात खुपसला.

सूंऽऽऽ!

होडी एका अंगाने बसली. पाणी बुटात गेलं, मोज्यात गेलं, पाटलोणीत चढलं. बापूसाहेबांच्या बोलण्यात स्वल्पविरामाइतकाही खंड नाही! पाणी गुडघ्याला लागल्यावर त्यांनी फक्त आवाज वाढवला, "आणि पाहा साहेब, पाणी इथेच थांबतं! याच्या वर येत नाही!"

खरंच आलं नाही. साहेब खूश. ऑर्डर मिळाली, आणि तिच्यामागून दुसऱ्या. धरणांच्या कामावरून मागणी आली, पुराच्या बंदोबस्तासाठी आली. शेडच्या दोन शेडी झाल्या. आमच्या होड्या आसामपर्यंत गेल्या. आमच्यापैकी कोणी लोणावळ्याच्या पुढे गेलेलं नव्हतं!

नंतर मी बापूसाहेबांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ते म्हणाले. "सूट भावाच्या लग्नातला होता."

*

त्या काळात आमच्याइतका आनंदी कारखाना सगळ्या पट्ट्यात नसेल. कारण सोल्यूशनचा वास! दुपारपर्यंत शेडमध्ये तो असा भरायचा की चिकटवणाऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, इस्माईलभाई कव्वाली लावायचे, आणि दोन्हींचा ताल जमायचा. खिडक्या पुरेशा नाहीत हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. डोकीच जागेवर नव्हती.

एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टर अचानक आले. कपाळाला आठ्या, काखेत फाइल. नानांना घाम फुटला. इन्स्पेक्टर म्हणाले, "मी एकटाच बघणार," आणि शेडमध्ये शिरले. बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

आले तेव्हा आठ्या गायब. टोपी हातात. नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "निगुडकर, मालक-कामगारांचं असं प्रेम मी कुठे पाहिलं नाही हो!" आणि डोळे पुसत पुसत फाइल आमच्याकडेच विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत आले. फाइल मागितली आणि पहिली ओळ लिहिली: खिडक्या वाढवा.

खिडक्या वाढल्या. काम सुधारलं. पण कव्वाली गेली ती गेलीच.

*

आमचा वॉचमन गेनू. चाकणजवळच्या गावचा, घरची कांद्याची शेती. एका वर्षी नदी फुगली, गाड्या पलीकडे जाईनात, आणि चाकणचा बाजार तर तोंडावर. गेनूने रविवारी गोदामातली एक होडी "जरा वाऱ्याला" म्हणून काढली आणि भावकीचे सगळे कांदे पलीकडे पोचवले. सोमवारी सकाळी होडी धुऊन, घडी करून जागच्या जागी.

नेमकी तीच होडी एका बड्या गिऱ्हाइकाकडे गेली. पाण्याच्या खात्यातले अधिकारी. आठवड्याने ते स्वतःच जीपमधून दारात! नाना पुढे धावले.

"होडी कशी वाटली, साहेब?"

"होडी उत्तम," साहेब म्हणाले. "घडी उलगडली तर आत कांदे निघाले. भाकरी वेगळी पाठवणार आहात का?"

नानांनी गेनूला बोलावलं. आम्हाला वाटलं, गेली याची नोकरी. गेनू मान खाली घालून उभा. नाना गरजले, "कंपनीच्या होडीत कांदे भरलेस?"

"व्हय."

"किती पोती?"

"एका खेपंला धा. बुडली न्हाई, नाना. डुलली बी न्हाई!"

नाना वळून अधिकाऱ्यांना म्हणाले, "पाहिलंत साहेब? आम्ही प्रत्येक होडी अशी तपासून पाठवतो!"

*

मग दिवस पालटले. मोठ्या ऑर्डरी दुसरीकडे जायला लागल्या. बाहेरून हलक्या, नव्या कापडाच्या होड्या यायला लागल्या आणि आमच्या त्यांच्यापुढे रेड्यासारख्या दिसायच्या. बापूसाहेब म्हणाले, "आपण पोहायच्या तलावांसाठी खेळणी काढू. मुंबईच्या क्लबांत खपतील." नाना म्हणाले, "मी होड्या करतो. फुगे जत्रेत मिळतात."

बापूसाहेबांनी गुपचूप नमुना करून घेतला. मुलांनी कमरेत घालायचं पिवळं बदक. कापणारा मी, चिकटवणारे इस्माईलभाई. हवा भरली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो. लांब नाक, फुगलेले गाल, आणि नाकावरून जगाकडे बघायची तीच तऱ्हा! अख्खी शेड तोंडात पदर कोंबून उभी.

नाना आत आले. बदकासमोर उभे राहिले. बदक त्यांच्याकडे, ते बदकाकडे.

"हे कोण?"

सगळ्यांच्या नजरा नानांकडे. शेवटी इस्माईलभाई म्हणाले, "बदक आहे, नाना."

"बदक आहे तर सगळे माझ्याकडे का बघताय?"

आणि बापूसाहेबांना तेव्हाच हसू फुटलं. तिथून दोघा भावांचं बोलणं तुटलं. म्हणायला कारण बदक. खरं म्हणजे नानांना वाटायचं, बापूने आपली थट्टा केली, आणि बापूसाहेबांना वाटायचं, नानांनी आपलं कधी ऐकलंच नाही. दोघांचंही थोडं खरं होतं. भांडण टिकायला तेवढं पुरतं!

*

वाटणी झाली. ती कोणी सुचवली ते कळलं नाही, पण असं ठरलं की होड्या नानांच्या आणि पंप बापूसाहेबांचे. ऑफिस एकच, टेबलं शेजारी शेजारी, मध्ये मी. "त्यांना सांगा," "त्यांना विचारा," एवढंच माझं काम. टाइपरायटर धूळ खात होता.

एके दिवशी तळेगावकडचे एक बागायतदार आले. तळ्यात फिरायला होडी हवी होती. नानांनी होडी दाखवली. गिऱ्हाइकाने विचारलं, "हवा भरायला पंप?"

नाना मला म्हणाले, "यांना सांगा, पंप शेजारच्या टेबलावर."

बापूसाहेब मला म्हणाले, "यांना सांगा, पंप आहे. पण होडीवाल्यांना आम्ही देत नाही."

बागायतदार गोंधळले. "अहो, मग हवा काय तोंडाने फुंकू?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवत म्हणाल्या, "फुंका की! इथे एकमेकांचे कान फुंकून लोकांचं भागतंय, तुमची तर होडी आहे."

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. होडी राहिली.

पुढे वर्षभरात शेडला कुलूप लागायची वेळ आली. माणसं एकेक करून दुसऱ्या कंपन्यांत लागली. नानांनी आणि बापूसाहेबांनी, वेगवेगळं जाऊन, प्रत्येकासाठी शब्द टाकला. दोघंही एकाच साहेबाकडे जायचे. एक पुढच्या दाराने, एक मागच्या!

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना आमच्या कट्ट्यावर कोणी चहाला हात लावत नाही.

शेड रिकामी करायच्या दिवशी काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं होड्या केल्यात. मला एकदाही बसवलं नाहीत. आज बसणार."

नाना म्हणाले, "चल." काकू म्हणाल्या, "दोघं भाऊ वल्हवणार असाल तर."

काकूंपुढे दोघांचंही काही चालत नसे. उरलेल्यातली एक होडी नदीवर नेली. इस्माईलभाईंनी हवा भरली, प्रत्येक कप्प्याचं बूच दोन्ही हातांनी पिळून घट्ट केलं आणि कान लावून लावून तपासलं. मध्ये काकू, नऊवारी सावरून. डाव्या बाजूला नाना, उजव्या बाजूला बापूसाहेब. दोघांची तोंडं दोन काठांकडे. गंमत म्हणजे इतकी वर्षं होड्या करूनही दोघांपैकी कोणालाच पोहता येत नव्हतं.

होडी मध्यावर गेली. आम्ही काठावर उभे. काकूंचा हात मागे गेलेला दिसला, आणि पाण्यावरून आवाज आला, सूंऽऽऽ!

होडीची मागची बाजू बसायला लागली.

"नाना, पुढे सरका!" बापूसाहेब ओरडले. तोंडावर नाव घेऊन, कितीतरी दिवसांनी!

"तू सरक!"

"तुम्ही मोठे आहात, तुम्ही सरका!"

"मोठा आहे म्हणून जन्मभर सरकतच आलोय!"

मागून पाणी आत आलं. बापूसाहेब उठले, गुडघ्यांवर रांगत पुढे आले आणि नानांच्या शेजारी जाऊन बसले. खांद्याला खांदा. नानांनी स्वतःचं वल्हं त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचा दंड धरून ठेवला.

काकूंचा आवाज आला, "चला, फिरवा आता. स्वयंपाक व्हायचाय."

काठावर येईपर्यंत दोघं भांडत होते. वल्हं कसं मारायचं यावरून! काकूंना उतरायला इस्माईलभाईंनी हात दिला. काकूंची मूठ घट्ट मिटलेली होती. त्यांनी ती उघडली आणि बूच इस्माईलभाईंच्या तळहातावर ठेवलं.

"इस्माईलभाई, तुमचं बूच जरा ढिलं होतं हो."

इस्माईलभाईंनी बुचाकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. पलीकडे धोतराचं आणि पाटलोणीचं पाणी पिळत, एकमेकांवर ओरडत उभ्या असलेल्या दोघा भावांकडे पाहिलं.

"जी काकू," ते म्हणाले. "ढिलंच होतं."