जिन्याची पाळी

बेथिया क्रुकशँकच्या दाराच्या मुठीला तो पुठ्ठा तीन आठवडे लटकत होता. ‘जिना धुवायची पाळी तुमची.’ आठवडा संपला की पुठ्ठा शेजारणीच्या दाराला अडकवायचा, ही स्किनर बोळाची जुनी रीत. पाळी चुकवणाऱ्या बाईची हाय स्ट्रीटवर नाचक्की होई. पण पाळी धरून बसणारी बाई कुणी पाहिली नव्हती.

बोळ जागा व्हायच्या आत बेथी उठे. पायऱ्या घासून झाल्या की पांढऱ्या मातीच्या कांडीनं कडेला रेघ ओढायची. खालच्या पायरीवरून भिंतीवर चढवत थेट उंबऱ्यापर्यंत, कुठंही न तोडता. रेघ अखंड असली की सैतान घरात शिरत नाही, असं तिची आई म्हणे. बेथीचा सैतानावर विश्वास नव्हता, रेघेवर होता. आणि आता पायरी जिथं भिंतीला मिळते, नेमकी तिथंच रेघ तुटत होती. आधी केसाएवढी फट. मग नख जाईल एवढी. ओल्या मातीनं ती फट लिंपायची, वरून रेघ ओढायची, आणि दुसऱ्या दिवशी खाली यायला तिचा पाय उचलायचा नाही. पुठ्ठा पुढं दिला असता तर दुसऱ्या कुणाचं तरी बोट त्या फटीत गेलं असतं.

सांगणार कुणाला? नगरपालिकेला? पलीकडच्या विणकरांच्या घराला अशीच चीर गेली, तर साहेबांनी दुपारपर्यंत दारांवर फळ्या ठोकल्या आणि माणसं टेकडीवरच्या नव्या इमारतीत नेऊन टाकली. चौकातल्या जुन्या तुरुंगाच्या मनोऱ्याची डागडुजी करायला यांच्याकडं पैसा निघतो. मनोऱ्यात कुणी राहत नाही ना! त्या घरातली म्हातारी इझोबेल टेकडीवर गेली ती पुढचा वसंतही न बघता गेली. बेथी याच घरात जन्मली होती. तिच्या खिडकीतून युद्धस्मारक दिसे, आणि स्मारकावर तिच्या भावाचं नाव.

“बेथीकाकू, सोडा की तो पुठ्ठा!” वरच्या मजल्यावरची मॉर्व्हन बाळाला कडेवर घेऊन ओरडली. “मी काय कामचोर आहे?”

“तुझं घासणं बघितलंय मी, पोरी. त्यापेक्षा मांजर बरं तोंड धुतं.”

“मग शवपेटीत पण बादली घेऊन जा!”

दोघी हसल्या.

दुसऱ्या सकाळी मॉर्व्हनची बाबागाडी नेहमीसारखी जिन्याखाली, त्याच भिंतीला टेकून उभी होती. आत बाळ झोपलेलं. फिरायला निघता निघता मॉर्व्हन टोपी आणायला वर गेली होती. बाळाच्या निळ्या पांघरुणावर पांढरी पूड दिसली. आपल्याच कांडीची, असं म्हणून बेथीनं ती बोटांत चोळली. खरखरीत लागली. चुना होता, दगडांमधला. आणि भिंतीच्या पोटातून, कुणी दात खावेत तसा आवाज आला.

बाबागाडी ओढत ती रस्त्यावर आली आणि कधी नव्हे तेवढ्या मोठ्यानं ओरडली, “मॉर्व्हन! खाली ये! आहे तशी ये! सगळे खाली या!”

स्मारकाजवळच्या फोनवरून तिनंच नगरपालिकेला बोलावलं. साहेबानं भिंतीला तळवा लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“इथं लिंपलंय कुणी?”

“मी,” बेथी म्हणाली. “तीन आठवडे झाले.”

मॉर्व्हननं ते ऐकलं. तिनं बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि बेथीकडं पाठ फिरवली.

दुपारपर्यंत दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. स्मारकाच्या पायरीवर बेथी बसून होती, नखांत पांढरी माती, मांडीवर तो पुठ्ठा. संध्याकाळी बोळातून भिंत ढासळल्याचा आवाज आला आणि धुळीचा लोट रस्त्यावर आला. बेथीनं मान वर केली नाही. ती फक्त मॉर्व्हनचं बाळ रडतंय का, ते ऐकत होती. ते रडत होतं, चौकाच्या पार पलीकडं, मोठ्यानं.