सव्वाशे किलोमीटरवरून पडलेल्या अक्षता

उंद्रीच्या हिंमतरावांची अर्पिता बुलढाण्याला एम.एस्सी. कॉम्प्युटर करत होती. पण घरच्या लेखी ती मोबाइल दुरुस्त करणारी पोट्टी, एवढंच. टीव्हीचा डबा बिघडला, पीकविम्याचा फॉर्म राहिला, कुणाचा फोटो पुसला गेला, की हाक अर्पितालाच. तिसऱ्या सत्रात तिला ‘मल्टिमीडिया सिस्टिम्स’ हा विषय लागला, तेव्हा आईला वाटलं, पोरगी आता लग्नाच्या शूटिंगचा धंदा काढणार. चित्र आणि आवाज आकड्यांत कसे मोडायचे, आटवून बारीक कसे करायचे आणि लांबवर वेळेत कसे पोचवायचे, त्याचा हा अभ्यास आहे, असं अर्पिताने घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. आई म्हणाली, “मंग शूटिंगच झालं न!” अर्पिताने कपाळावर हात मारला.

पण खरं सांगायचं तर आईचंच बरोबर होतं. या विषयाने अर्पिताला शेवटी नेलं ते मांडवातच.

तिचा चुलतभाऊ राम दीड वर्षाचा असताना त्याची आई वारली. त्याला संग्रामपूरला नेऊन वाढवलं ते आत्याने, सिंधूताईंनी. यंदा रामचं लग्न उंद्रीला ठरलं, आणि नेमकी तेव्हाच आत्या गोठ्यात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने खाट सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आत्याने हाडासाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिचा घोर वेगळाच होता. “सावधान झालं की माह्या हातच्या अक्षता उडाल्या पाह्यजे बाप्पा. लेकराले वाढवलं मी, अन् लगन लागताना मीच नाही?”

“तू काऊन रडतं आत्या? मी तुले लाइव्ह दाखवतो न,” अर्पिता ऐटीत म्हणाली.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तिने तसं करूनही दाखवलं. चित्र मध्ये अडकू नये म्हणून अर्ध्या मिनिटाचा साठा आधीच जमवून ठेवायची सोय केली होती. संग्रामपूरला चित्र कसं आरशासारखं दिसत होतं! आत्या डोळे लावून बसली होती. राम पाटावर बसला, इतक्यात मांडवातल्या कुण्या मावशीचा तिला फोन आला, “लागलं वो कुंकू! अभिनंदन!” आत्याच्या समोरच्या मोबाइलवर अजून कुंकवाचा करंडाही उघडला नव्हता. पुढचं तिने पाहिलंच नाही. मोबाइल उशाखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“सारे जेवून उठल्यावर मले पंगतीत बसवलं तू,” ती दुसऱ्या दिवशी अर्पिताला म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसतीच हळू बोलली, आणि ते अर्पिताच्या काळजाला लागलं.

विषय शिकवणाऱ्या इंगळे सरांना तिने सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, “उशीर किती?”

“अठ्ठावीस सेकंद.”

“गाणं ऐकवायला ठीक आहे. अक्षतांना म्हणजे वरातीमागून घोडं. हाच तुझा प्रकल्प. लग्नाला आत्यांच्या अक्षता वेळेवर पडल्या, तर पास. मी जेवायला येतोच आहे.”

अर्पिताने साठा काढून टाकला. मग चित्र पावलापावलाला अडकायला लागलं. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क कसं असतं ते तिथल्यांनाच विचारा! चित्राचा एखादा तुकडा वाटेत राहिला की तिचा प्रोग्रॅम तो पुन्हा मागवायचा, तो येईपर्यंत मागचं सगळं खोळंबायचं, आणि उशीर साचत जायचा. तुकडा सोडून द्यायचा, हे तिच्या मनातच येईना. वाकडं वांगंसुद्धा फेकायचं नाही अशा घरातली ती पोर. लग्न दहा दिवसांवर आलं आणि तिचं घोडं तिथेच अडून बसलं.

कोडं सोडवलं ते हिंमतरावांनी, आणि तेही नकळत. बांधावर वांग्याचे कॅरेट भरता भरता त्यांनी लेकीला विचारलं, “काय बिनसलं वो?” तिने सांगितलं. ते हसले. “आपला माल चिखलीच्या बजारात हर्रासाची बोली संपल्यावर पोचला, तं मी काय करतो?”

“ढोरांना टाकता.”

“मंग? त्याच्यासाठी उद्याचा माल थांबवून ठेवतो का मी? ज्याची येळ गेली त्याचा मोह नाही करू. अन् गाडीत जागा कमी असली तं पहिले काय चढवतो?”

“ज्याला मागणी आहे ते.”

एवढं म्हणाली आणि अर्पिता वांग्यांचा ढीग तसाच टाकून घराकडे पळाली. अक्षता डोळ्यांनी पडत नाहीत, कानांनी पडतात! ‘सावधान’ ऐकू आलं पाहिजे. नवरदेवाचं बाशिंग जरा अंधुक दिसलं म्हणून काय बिघडतं? तिने आवाज चित्रापासून तोडला, आटवून बारीक केला आणि त्याला पुढे जायचा मान दिला. मागून चित्र, उरल्या जागेत मावेल तेवढं. उशिरा आलेला तुकडा दाखवायचा नाही, परत मागवायचा नाही, सरळ फेकायचा. पहिला तुकडा फेकताना तिला वाईट वाटलं, हे ती अजून कबूल करते.

मैत्रीण प्रतीक्षा दोन दिवस आधीच संग्रामपूरला जाऊन आत्याच्या खाटेशी बसली. इकडून अर्पिता “सावधान” म्हणायची, तिकडून आत्या टाळी वाजवायची. जाऊन-येऊन एक सेकंदही लागत नव्हता. तरी अर्पिताचा जीव टांगणीलाच. दुधाने तोंड पोळलं होतं ना!

लग्नाच्या दुपारी मांडवात सहाशे माणूस. भटजींच्या उपरण्याला अर्पिताने छोटा माइक अडकवला. त्याचा आवाज थेट तिच्या मोबाइलवरून संग्रामपूरला. मागच्या लोकांसाठी एलईडीचा मोठा पडदा होता. तिने हट्ट धरून त्याच्या अर्ध्या भागात आत्याला दाखवायला लावलं. आत्या नवं लुगडं नेसून, उशांना टेकून, मांडीवर अक्षतांची ताटली घेऊन बसली होती.

पहिलं मंगलाष्टक झालं. “सावधान!” सहाशे हात उठले, आणि पडद्यावर आत्याचाही. अगदी बरोबर! दुसरं, तिसरं झालं. चौथ्याला पडद्यावरचं चित्र चौकोनाचौकोनांचं झालं, पण त्या चौकोनांतूनही हात वेळेवरच उठला. इंगळे सर खुर्चीवरून अर्धे उभे राहिले होते.

पाचव्याला भोंग्याच्या मशीनमधून धूर निघाला आणि आवाज ठप्प झाला. पडदा तेवढा वेगळ्या जनरेटरवर होता, तो चालू राहिला. भटजी म्हणतच होते, पण चौथ्या रांगेपलीकडे अक्षर ऐकू जाईना. मुठीत अक्षता धरून लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. काहींनी उगाच आधीच उधळल्या. उपरण्यावरचा माइक मात्र आपलं काम करत होता. सव्वाशे किलोमीटरवर आत्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

पडद्यावर तिचा हात वर गेला.

“टाका बे! त्या बाईकडं पाहा अन् टाका!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि आख्ख्या मांडवाने आत्याच्या हाताबरोबर अक्षता उधळल्या. जी बाई लग्नाला येऊच शकत नव्हती, तिच्या हातावर सहाशे माणसांनी रामचं लग्न लावलं. अर्पिता हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. सरांनी दोन्ही हात वर करून “पास!” म्हणून आरोळी ठोकली, भर मांडवात.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “हे बाई कोन होय राजेहो?”

राम हार सावरत वळला. जन्मभर तो तिला आत्याच म्हणत आला होता.

“माही माय होय ते,” तो मोठ्याने म्हणाला.

भटजी त्याच्या शेजारीच उभे होते, आणि त्यांच्या उपरण्यावरचा माइक चालूच होता. पडद्यावर आत्याचा ताटलीतला हात थांबला. तिने प्रतीक्षाला विचारलं, “ऐकलं न तू?” प्रतीक्षा म्हणाली, “हाव आत्या.” मग आत्याने ताटलीत उरल्यासुरल्या सगळ्या अक्षता ओंजळीत घेतल्या आणि समोरच्या मोबाइलवरच ओतल्या. उंद्रीच्या मांडवात त्या उंच पडद्याची आत्याची बाजू काठोकाठ पिवळ्या तांदळांनी भरून गेली.