बायपासच्या पलीकडची खोली

मे महिन्यातली दुपार... हिंगोलीत बायपासच्या पलीकडे जी नवी वस्ती वाढते आहे, तिथे मी खोली बघत फिरत होतो. हळदीच्या एका गोदामात वजनकाट्यावर काम मिळालं होतं आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं.

आमचा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. एकटा असतो तर रोज ये-जा केली असती. पण बायको गरोदर होती... आणि आमचं पहिलं बाळ दवाखान्यात पोचायला उशीर झाला म्हणून गेलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात पाहिजे.

माझं शिक्षण नववीपर्यंत. लिहून ठेवल्याशिवाय मला काही पक्कं वाटत नाही, म्हणून एका वहीत प्रश्नच लिहून नेले होते. बोअरला उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, लाइट किती जाते, शेजारी कोण... दवाखान्याचं अंतर तर मोटारसायकलवर दोनदा जाऊन घड्याळ लावून बघितलं.

जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद, खोल्या अंधाऱ्या. नव्या वस्तीत मात्र सगळं मोकळं. चार वर्षांपूर्वी तिथे सोयाबीन उभं असायचं, आता घराला घर लागत चाललंय. रस्ते सरळ, रुंद आणि दगडासारखे टणक... मला तर ते फारच आवडले.

एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती, पण पोटात होती. त्याआधी दोन ठिकाणी खोली पसंत पडली होती. दोन्हीकडे आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि तांडा म्हटल्यावर त्यांना एकदम आठवलं की त्यांचे पाहुणे राहायला येणार आहेत.

तिसरं घर साठीच्या एका मावशींचं. या वेळी आडनाव आणि तांडा मी दारातच सांगून टाकला. मुलगा-सून कामासाठी पुण्याला गेलेले, त्यामुळे मागच्या दोन खोल्या रिकाम्या. वेगळं दार, पाण्याची टाकी, खिडकीतून वारा... वहीतल्या एकेका प्रश्नापुढे बरोबरची खूण होत गेली.

मी म्हणालो, "मावशी, खोली पसंत आहे."

"घरी कोन कोन हाय?"

"मी आणि बायको. तिला सहावा महिना चालू आहे."

त्यांनी एकदा दारासमोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मंग न्हाई देत मी खोली. दुसरीकडं बघ."

झालं... पुन्हा तेच. मी वही मिटली. मी कोणाला उलटून बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो. "मावशी, तांड्यावरचे आहोत म्हणून नको असेल तर सरळ सांगा. मला सवय झाली आहे."

मावशी भडकल्याच. "काय बोलून राहिला रे? तुझा तांडा काय चाटायचा हाय मला? थांब तिथंच!"

आत गेल्या, बादली भरून आणली आणि दारासमोरच्या रस्त्यावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. मी नुसता बघत उभा... उन्हाळ्यात एवढं पाणी कोण ओततं? जरा मुरू दिलं आणि म्हणाल्या, "हं. आता चाल त्याच्यातून."

दुसऱ्या पावलाला चपला जड झाल्या. तिसऱ्या पावलाला उजवी चप्पल जागेवरच राहिली आणि पाय पुढे गेला.

काळी माती... माझा जन्म काळ्या रानात गेला. पावसाळ्यात आम्ही त्या रानात बैलगाडीसुद्धा घालत नाही. पण इथली घरं आणि लाइटचे खांब बघून मी विसरूनच गेलो, की खाली तेच सोयाबीनचं रान आहे.

"उन्हाळ्यात समदे रस्ते डांबरीच दिसतात लेकरा," मावशी पायरीवर टेकत म्हणाल्या. "मागल्या श्रावणात माझ्या सुनेला कळा लागल्या, तवा चौघांनी बाजेवर उचलून बायपासपर्यंत नेलं. आटो आत येईना. निभलं कसंबसं. आता पोटुशी बाई मी इथं ठेवणार न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, माफ करा..."

"माफीचं मंग बघू. आधी ती चप्पल उपट."

त्या मला घेऊन निघाल्या. त्याच वस्तीत, बायपासला लागून असलेल्या पहिल्या ओळीत मुरूम टाकलेला आहे. तिथे एक खोली होती... पत्र्याची, लहान, दिवसभर ट्रकचा आवाज. घरमालकांनी माझं आडनाव विचारलं, तर माझ्याआधी मावशीच बोलल्या, "आडनाव काहून? भाडं काय आडनाव देणार हाय? पोरगं चांगलं हाय, मी सांगून राहिले नं."

खोली मिळाली.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पावसाची झड लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. मी फोन केला आणि आटो आमच्या दारात येऊन उभा राहिला... दाराला अगदी लागून. अर्ध्या तासाच्या आत आम्ही दवाखान्यात होतो.

पोरगी झाली. जन्मताच रडली... तो आवाज मी बाहेर जिन्याजवळ ऐकला.

काल मावशींना बारशाचं सांगायला गेलो, चपला हातात घेऊन, पोटरीभर चिखलातून. त्यांच्या दोन्ही खोल्या अजून रिकाम्याच आहेत. मेमध्ये नुसतं "हो" म्हणाल्या असत्या, तर इतके दिवस भाडं चालू राहिलं असतं... आणि आमचं काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

म्हणून ही पोस्ट. हिंगोलीत कोणी कामासाठी नव्याने येत असेल आणि घरात आजारी किंवा गरोदर माणूस नसेल, तर मला कळवा. दोन खोल्या आहेत, पाणी भरपूर आहे, वारा छान आहे. रस्ता पावसाळ्यात वाईट आहे... आणि हे मी लपवलं तरी मालकीणबाई लपवणार नाहीत.