कोरी ती कोरडी

भाद्रपदातल्या उकाड्यात कपाट उघडलं की बटर पेपरच्या लिफाफ्यांचा किंचित मेणचट वास येतो, आणि बाबा गेले हे क्षणभर खोटं वाटतं. लखनौच्या गोमती नगरातल्या या फ्लॅटमध्ये त्यांनी एकच शत्रू मानला, दमट उष्मा. टपालातून आलेल्या, शिक्का बसलेल्या तिकिटांची त्यांना फिकीर नसे. पण पाठीवर गोंद असलेली कोरी तिकिटं घामट हवेत पानालाच चिकटून बसतात. म्हणून त्यांचे अल्बम पुस्तकांसारखे उभे, सैल ठेवलेले असत. शेजारी निळ्या खड्यांच्या पुड्या. ओल पिऊन खडे गुलाबी झाले की बाबा ते एका जुन्या तव्यावर भाजून पुन्हा निळे करत. "कोरी ती कोरडी हवीत," हे त्यांचं पालुपद.

लखनौतच वाढलेला माझा चुलतभाऊ त्यावर हसायचा. "लो, काका का कोरी-कोरडी शुरू!" 'चाय-वाय'सारखा तो एकच शब्द आहे, अशी त्याची समजूत. तेराव्याला पानं उठायच्या आत त्याने अल्बम गाडीत घातले. "दीदी, आप क्या करोगी इनका? अच्छे दाम मिलेंगे." चिमटा, लिफाफे आणि खडे तेवढे मला ठेवले. मी रडत होते. पुढे रडू ओसरलं. राग मात्र मी बाबांच्या रीतीने जपला, कोरडा आणि उभा.

श्रावणात तेलीबागच्या घरून त्याचा फोन आला. अल्बम प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून त्याने स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकले होते. "दीदी, सब चिपक गया! काका क्या करते थे?"

बाबा काय करत ते मला ठाऊक होतं. बंद डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर ते पान, आणि धीर. गोंद राखून तिकीट अलगद सुटतं; कोऱ्या तिकिटाचा भाव त्या गोंदावरच असतो.

"पाण्यात भिजव," मी म्हणाले.

"बस?"

"बस."

तिकिटं सुटली, गोंद वाहून गेला. घेणाऱ्याने ती उलटी करून पाहिली आणि परत दिली. मग भाऊ पिशवी घेऊन माझ्या दारात. "अब किसी काम के नहीं. आप ही रख लो." जिन्यापर्यंत जाऊन तो वळला. "आपको पता था न?"

"कोरी-कोरडी," मी म्हणाले.

पाण्याने ज्याचं त्याला दिलं. भावाला हवा तो भाव नेला, बाबांच्या तिकिटांवरची चित्रं मला ठेवली. बाबांना हे रुचलं नसतं, पण विचारायला ते नाहीत. आज एकेक तिकीट मी चिमट्याने लिफाफ्यात सरकवते आहे. पाठीला गोंदच नाही, तेव्हा या शहराच्या उकाड्याला आता धरायला काही उरलेलं नाही.

तरी सकाळी खडे तव्यावर घेतले, आणि निळे होईपर्यंत भाजले.